क अडला तो उन्हाळा

फेब्रुवारी सरत आला, की मला अजून परीक्षेची भीती वाटते. वय सत्तरीला टेकलं, नोकरी संपून पुष्कळ वर्षं झाली, आता कुणी माझी परीक्षा घेणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तरीही सकाळी अकरालाच रस्ता पांढरा दिसू लागतो, समोरच्या घरातली मुलगी खिडकीशी बसून तोंडी परीक्षेची उत्तरं मोठ्याने घोकायला लागते, आणि माझे तळहात ओले होतात. ती धडाधडा बोलते. एकही शब्द तिच्या ओठांशी थांबत नाही. मी मात्र आतल्या खोलीत बसून वाट बघत असते, हा आता अडणार, हा अडणार.

मी बोलताना अडखळते. ‘अडखळायचे’ असं लिहायला आवडलं असतं, पण ते खरं होणार नाही. आज बोलणं बरंच सैल झालंय. दूधवाल्याशी, डॉक्टरांशी, फोनवर मी बोलते. शब्द अडला तर अडू देते. पण मी सांगते आहे तो उन्हाळा वेगळा होता. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी एकोणीस वर्षांची, सोलापुरातल्या एका अध्यापक विद्यालयात दुसऱ्या वर्षाला. शिक्षिका व्हायला निघालेली, आणि स्वतःचं नाव सांगता न येणारी.

नाव होतं कुसुम काशिनाथ कांबळे. एका ओळीत तीन क. क म्हणायला गेलं की जिभेचा मागचा भाग टाळूला असा चिकटायचा, जसा तो माझा नव्हेच. मान ताठ व्हायची, डावा डोळा आपोआप मिटायचा, छातीत हवा भरलेली असायची पण बाहेर पडायची नाही. बघणाऱ्याला ते चार-पाच क्षण. मला विहिरीत पाय सुटल्यासारखं व्हायचं.

म्हणून मी शब्द चुकवायला शिकले होते. शेजारच्या काकूंना ‘अहो’ म्हणायचं. कात्री मागायची वेळ आली तर दोरा दातांनी तोडायचा. कांदे हवे असले तर बोट दाखवायचं. वर्गात उत्तर येत असलं तरी ‘येत नाही’ म्हणायचं. त्या दोन शब्दांना मी जन्मात कधी अडखळले नाही.

आईने तिच्या परीने सगळं केलं होतं. लहानपणी मधात वेखंड उगाळून जिभेला लावलं, गोट्या तोंडात धरून बोलायला लावलं, कुणाकुणाचे ताईत बांधले. आप्पा, म्हणजे माझे वडील, या कशातच पडत नसत. ते गिरणीत होते, जिथे माग चालतात त्या खात्यात. मुळातच अबोल माणूस. घरात आले की हातपाय धुवायचे, जेवायचं, बिडी ओढत उंबऱ्यावर बसायचं. मला वाटायचं, मुलीच्या बोलण्याची त्यांना लाज वाटते, म्हणून ते माझ्याशी बोलत नाहीत.

जानेवारीत सरावाचा पाठ होता. महापालिकेच्या शाळेतली चौथी. विषय, कापसापासून कापड. गिरणी कामगारांची मुलं ती, त्यांना कापडाचं माझ्याहून जास्त कळत होतं. मी फळ्यावर तारीख लिहिली, वळले, आणि पहिल्याच वाक्यात तो शब्द समोर उभा राहिला. ‘आज आपण क... क... क...’

मुलं आधी हसली. हसण्याची मला सवय होती. पण मग ती गप्प झाली, आणि पहिल्या बाकावरच्या एका मुलीला माझी दया आली. ती हळूच म्हणाली, “कापूस, बाई. कापूस.” ते मागच्या बाकाने ऐकलं, त्याच्या मागच्याने ऐकलं, आणि बघता बघता सगळा वर्ग पाढे म्हणावेत तसा एका सुरात ओरडायला लागला, “कापूस! कापूस! कापूस!” मी खडू हातात धरून उभी. मागच्या भिंतीशी बसलेल्या आमच्या प्राध्यापक बाईंनी वही मिटली.

बाहेर व्हरांड्यात त्या म्हणाल्या, “कुसुम, कागदावर तू पहिली येशील. पण वर्ग कागदावर चालत नाही गं. मार्चमध्ये पाठाला बाहेरचे परीक्षक येतात. आत्ताच नीट विचार कर.” त्या दुष्ट नव्हत्या. म्हणूनच ते जास्त लागलं.

त्यानंतर मी झोपेतून दचकून उठायला लागले. मार्च अजून दोन महिने लांब होता, पण तो रोज माझ्या अंगावर येत होता. सकाळी उठल्या उठल्या मी अंथरुणातच मनाशी ‘कापूस’ म्हणून बघायची. मनातल्या मनातसुद्धा अडायचं.

त्याच सुमारास करमाळ्याच्या मावशीला बरं नसल्याचं कळलं. आईने कडक भाकरी आणि शेंगाचटणी फडक्यात बांधून दिली आणि मला एकटीला एसटी स्टँडवर धाडलं. तिकिटाच्या खिडकीशी रांग होती. पुढे पाच माणसं, मग चार, मग तीन.  माझी पाळी आली. आतल्या माणसाने मान वर न करताच विचारलं, “कुटं?”

“क... क...”

“कुटं जायाचं, लवकर सांगा की!”

मागून कुणीतरी म्हणालं, “अवो ताई, गाडी सुटंल आमची.” माझा डोळा मिटला.  आणि माझ्या तोंडून अगदी साफ, गुळगुळीत शब्द बाहेर पडला, “सांगोला.”

त्याने तिकीट फाडून दिलं. मी ते घेतलं. आणि सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही, मी सांगोल्याच्या गाडीत जाऊन बसले. चूक झाली, तिकीट बदलून द्या, असं म्हणायला पुन्हा त्या खिडकीशी जावं लागलं असतं, आणि पुन्हा करमाळा म्हणावं लागलं असतं. त्यापेक्षा सांगोला सोपं होतं. तिथे माझं कुणी नव्हतं. स्टँडबाहेर धुळीत मेंढरं बसली होती, पाण्याच्या टँकरभोवती बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. मी एका लिंबाखाली बसून मावशीसाठी दिलेली भाकरी खाल्ली, आणि उलट गाडीने परत आले. घरी सांगितलं, मावशी बरी आहे.

त्या प्रवासात मला एक गोष्ट कळली होती, आणि तिचीच मला भीती बसली. आज मी चुकीच्या गावाला गेले. उद्या या भीतीपायी मी कुठे जाऊन बसेन, काय कबूल करेन, कुणाला हो म्हणेन?

दोन दिवसांनी सकाळी नळावर मी भांडी घासत होते. आप्पांची दुसरी पाळी होती, ते घरीच होते. माझ्या शेजारी येऊन ते उकिडवे बसले. हातात ते तिकीट होतं, माझ्या पिशवीच्या तळाशी राहिलेलं.

“सांगोल्यात आपलं कोन हाय?” त्यांनी विचारलं.

मी राखेने तवा घासत राहिले. त्यांनी तिकीट उलटंपालटं केलं. मग म्हणाले, “मीसुदिक काढलंय असलं तिकीट. लगीन व्हायच्या आदी. जायाचं हुतं ब... ब... ब...” त्यांचा जबडा थरथरला, ओठ एकमेकांवर दाबले गेले, मान खाली गेली. एकोणीस वर्षांत मी हे कधी पाहिलं नव्हतं. “...बार्शीला. आन उतरलो तुळजापुरात.”

 माझे आप्पा अबोल नव्हते. ते लपलेले होते. मागाच्या खात्यात शेकडो मागांचा खडखडाट असतो, तिथे कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. माणसं हातांनी, ओठांच्या हालचालींनी बोलतात. दुसऱ्या खात्यात बढती मिळत असताना आप्पांनी ती दोनदा नाकारली होती. आई त्यांना येडं म्हणायची. त्या आवाजात ते सुरक्षित होते.

“तुज्या बोलन्याची लाज न्हाय वाटत मला,” ते म्हणाले. “तुला माज्यामुळं झालं म्हनून तोंड दाकवंना झालो.”

आठवड्याभरात तेच मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. कान-नाक-घसा विभागात मुंबईहून शिकून आलेल्या एक बाई वाणीदोषावर उपचार करतात, असं त्यांना गिरणीतल्या कुणीतरी खुणांनी सांगितलं होतं. शरयूताई त्यांचं नाव. तिशीच्या असतील. लहानशी खोली, टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर आरसा. घरात आणखी कुणी अडखळतं का, असं त्यांनी विचारलं. मी दाराबाहेर बाकावर बसलेल्या आप्पांकडे पाहिलं. त्यांनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, “हो.”

“हे पूर्ण जाईल असं वचन मी देणार नाही,” शरयूताई म्हणाल्या. “भीती कमी झाली तर अडखळण्याचा त्रास कमी होईल. आणि भीती कमी करायची तर तिच्याजवळ जावं लागतं.”

मला बरं व्हायचं होतं, जवळ जायचं नव्हतं. पण जायला लावलं त्यांनी. आधी आरशासमोर बसवून नाव सांगायला लावलं. स्वतःचा मिटणारा डोळा, मानेची फुगलेली शीर मी पहिल्यांदा बघितली आणि रडायला लागले. त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “परत.” जिभेने टाळूला ढकलायचं नाही, नुसतं टेकवायचं. अडला तर जोर लावायचा नाही, तिथेच थांबायचं, अंग सैल सोडायचं, श्वास जाऊ द्यायचा आणि शब्द लांबवत बाहेर आणायचा. ‘कु...सुम.’ आठवड्यातून दोनदा, तासभर. खोलीत मला जमायला लागलं. दाराबाहेर पडलं की सगळं विसरायला व्हायचं.

मग त्यांनी सर्वांत भयंकर गोष्ट सांगितली. बाजारात जाऊन पाच दुकानांत मुद्दाम अडखळायचं. “लपवायचं नाही. उलट दाखवायचं. बघू तर खरं, आभाळ कोसळतं का.”

त्या दिवशी मला तापच आल्यासारखं झालं. आप्पा सोबत होते, पण रस्त्याच्या पलीकडे, सायकलच्या दुकानाशी उभे. पहिल्या किराणा दुकानात मी म्हटलं, “क-क-कापूर आहे का?” मुद्दाम अडखळायला गेले आणि खरंच अडले. दुकानदाराने माझी नक्कल करत नोकराला सांगितलं, “अरे क-क-कापूर बघ रे!” दोन गिऱ्हाइकं हसली.  मी कापूर घेतला, बाहेर आले आणि उन्हात उभी राहिले. आभाळ कोसळलं नव्हतं. पण मला वाटलं, कोसळलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरं दुकान बांगड्यांचं होतं. तिथल्या म्हाताऱ्या चाचांनी माझं क-क-क ऐकलं, पेटी बाजूला सारली आणि म्हणाले, “आरामसे बोलो बेटी. दुकान किदर बी नै जारी.” मला काचेच्या बांगड्या म्हणायचं होतं. ते म्हणून होईपर्यंत ते माझ्या चेहऱ्याकडेच बघत होते, शांतपणे. त्या नजरेत दयासुद्धा नव्हती, फक्त वेळ होता. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दुकानात काय झालं ते आता आठवत नाही. भीती तशीच होती, पण मी तिच्यासकट पाच दुकानं करून आले, एवढं खरं.

दवाखान्यात आणखी एक जण यायचे, नरसय्याअण्णा. तेलुगू विणकर, घरी मागावर चादरी विणणारे, चाळिशीचे. व्यापाऱ्याशी भाव बोलताना अडकायचे आणि तो म्हणेल त्या भावाला मान हलवून यायचे, म्हणून बायकोने त्यांना ढकलत आणलं होतं. “दोन भाषा येतात मला,” ते म्हणायचे, “आन दो-दो-दोन्हीत गाडी पंचर.” शरयूताईंनीच सुचवलं, की तुम्ही आपापसात भेटा, एकमेकांसमोर सराव करा. मग दर रविवारी सकाळी आम्ही किल्ल्याजवळच्या बागेत बसायला लागलो. अण्णा, मी, आणि माझ्या सोबतीला म्हणून आप्पा. अण्णा वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे, मी माझा पाठ म्हणायची. अडलं की समोरच्याने शब्द पुरवायचा नाही, खाली बघायचं नाही, एवढाच नियम. आप्पा बाजूला गवतावर बसून बिडी ओढत असायचे. अण्णा त्यांना म्हणायचे, “तुमी बी या की काशिनाथराव.” आप्पा हसून मान हलवायचे. अख्ख्या उन्हाळ्यात ते तिथे एक शब्द बोलले नाहीत.

मार्च आला. पाठाचा दिवस उजाडला तेव्हा मी दोनदा ओकले. आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे, न्हाय गेलीस तरी चालतंय.” तेवढ्या एका वाक्याने मी आडवी झाले असते. आप्पांनी काही न बोलता माझी चप्पल दाराशी सरळ करून ठेवली.

शाळेवर पत्रे होते, सकाळीच तापलेले. तिसरीचा वर्ग, पाठ बी आणि रोप. परीक्षक वयस्क होते, एवढ्या उन्हातही कोट घातलेले, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. ते मागे बसले आणि पेनाचं टोपण काढलं. तो एवढासा आवाज मला बंदुकीसारखा वाटला. मी ओल्या फडक्यात मोड आणलेली मटकी थाळीत घालून आणली होती. मी ती टेबलावर ठेवली आणि शरयूताईंनी पाठ करून घेतलेलं वाक्य म्हटलं.

“मुलांनो, मी बोलताना अडखळते. शब्द अडला की मी थांबते. तुम्हीही थांबा.”

 मग खिडकीजवळच्या एका मुलाने विचारलं, “दुकतंय का वो बाई?”

हा प्रश्न मला आयुष्यात कुणीच विचारला नव्हता. मी म्हटलं, “दुखत नाही. भ-भीती वाटते.”

“कुनाची?”

“तुमची.”

मुलं खदखदून हसली. मीही हसले, आणि तेवढ्यात माझा श्वास मोकळा झाला. पुढे ‘कोंब’ अडला. खूप वेळ अडला. वर्गात माशीचा आवाज येत होता. मी जोर लावला नाही, डोळा मिटू दिला नाही, पाठीवरून घाम ओघळताना कळत होता. चाळीस मुलं माझ्या ओठांकडे बघत थांबली होती. “कों...ब,” मी म्हटलं. असे पाच-सहा शब्द अडले, आणि पाठ अर्ध्याच्या थोडा पुढे गेला तोवर घंटा झाली.

परीक्षक उठून माझ्यापाशी आले. “मुलांना हे आधी सांगायचं कुणी शिकवलं?”

“दवाखान्यातल्या ब-बाईंनी.”

त्यांनी चष्मा सारखा केला. “पाठ अपुरा राहिला,” एवढंच म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहून निघून गेले.

पुढचं आताच सांगून टाकते. मी शिक्षिका झाले, अक्कलकोटजवळ मैंदर्गीला लागले, आणि तिथून पुढे कितीतरी वर्षं शिकवत राहिले. मैंदर्गीची निम्मी मुलं घरी कानडी बोलायची, वर्गात मराठी बोलताना त्यांची जीभ अडायची. बाई स्वतःच अडतात म्हटल्यावर ती मला घाबरत नसत. मी मात्र दर जूनला, नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी, दाराशी येऊन थबकत असे. ‘मी बोलताना अडखळते’ हे वाक्य मी दरवर्षी म्हटलं, आणि दरवर्षी मला त्याची भीती वाटली. ती कधी गेली नाही. तिच्या असण्याने माझं काम थांबायचं मात्र बंद झालं. पण हे सगळं पुढचं. त्या मे महिन्यात मला यातलं काही ठाऊक नव्हतं. ‘पाठ अपुरा राहिला’ एवढं एकच वाक्य मी दोन महिने उशाशी घेऊन झोपत होते.

निकाल विद्यालयाच्या फळ्यावर लागणार होता. मला जाण्याचं धाडस झालं नाही. सकाळीच आप्पा कुणाला न सांगता सायकल घेऊन गेले. दुपारी बाराच्या उन्हात ते परत आले तेव्हा चाळीच्या नळावर बायका जमल्या होत्या. आई दारात, मी तिच्या मागे. सगळ्यांना ठाऊक होतं ते कुठे गेले होते.

आप्पांनी सायकल भिंतीला लावली. चेहरा लाल झालेला, त्यावरून काहीच कळत नव्हतं. “आपली कुसुम,” ते म्हणाले, आणि त्यांचे ओठ मिटले. “प... प... प...”

कुणी हललं नाही. त्या चाळीत वीस वर्षं राहत होते आप्पा, पण त्यांचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. शेजारच्या काकूंच्या घागरीतून पाणी उतू चाललं होतं.

“पडली व्हय वो?” काकू म्हणाल्या. “परीक्षेत पडली व्हय पोरगी?”

आई मटकन उंबऱ्यावर बसली.  पडलेच मी. अपुरा राहिला होता पाठ.

पण आप्पांनी हात वर केला होता, सबुरीचा. मान ताठ होती, जबडा थरथरत होता. त्यांना नुसती मान हलवता आली असती. दुसरा एखादा सोपा शब्द घेता आला असता. चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. त्यांनी तो घेतला नाही. त्यांनी जोर लावायचं थांबवलं. खांदे खाली आले. श्वास बाहेर गेला. गवतावर बसून बिडी ओढताना त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“थांबा,” ते काकूंना म्हणाले. “मी सांगतो.”

ओठ हलकेच टेकले, सुटले. “पा...स झाली.”

बायका बोलायला लागल्या, आई रडायला लागली, काकू स्वतःच्याच तोंडावर हात मारून घेत होत्या. आप्पांनी पुन्हा हात वर केला. सगळ्या गप्प झाल्यावर ते माझ्याकडे बघत, पहिल्यापासून, एकेक शब्द वेगळा करत म्हणाले, “आपली. कुसुम. प... प... पास झाली.”